निस्तं वाचणारे जमादार

"ह्या कागदात एक खोटं हाय. हुडका."

एवढं बोलून जमादार खुर्चीत बसायचे, चष्मा नाकावर ठेवायचे आणि वाचायला लागायचे. पोलीस शाळेत येऊन असलं काही शिकवायचा, हे मी इथं नगरला टायपिंगच्या क्लासात सांगितलं तर कुणाला पटेना. मैत्रीण म्हणाली, "पोलीस आणि शिकवणार? काय, लाठी धरायला?" मग मी सरावाचा उतारा दिला बाजूला सारून आणि हेच बडवत सुटले. चुका होतील. होऊ देत.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. गावात एका खोलीची पोलीस चौकी, वर पत्रे, पुढं चिंचेचं झाड. रस्त्याच्या ह्या बाजूला माझ्या वडिलांचं, म्हणजे दादांचं शिवणकामाचं दुकान. त्यामुळं जमादार काय करतात, कधी जेवतात, कुणावर ओरडतात, सगळं आम्हाला बसल्या जागी दिसायचं. नाव नामदेवराव. पण गाव त्यांना वाचाजमादार म्हणायचं. कुणीही कागद घेऊन चौकीत आलं की त्यांचा पहिला शब्द "वाचा." समोरच्याला येत नसलं तर, "आना हिकडं, मी वाचतो. तुमी ऐका."

आणि माणूस खरंच काहीही वाचायचा. भेळ खाल्ली की पुड्याचा कागद उलगडून वाचायचे. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायचे. एस्टीच्या तिकिटाची मागची बाजूसुद्धा! ओठ हलायचे, खाकी हाफपँटमधला एक गुडघा हलायचा. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं दोरा बांधलेला. तो दोरा आमच्या दुकानातला. दर दोन महिन्यांनी यायचे, "टेलर, माझ्या कानाला टाका घाला."

शाळेतला तो तास कसा सुरू झाला ते सांगते. पंचनामा म्हणजे काय, तर पोलिसांनी जागेवर जाऊन दोन माणसांसमोर जे दिसलं ते लिहायचं आणि त्या दोघांनी, म्हणजे पंचांनी, खाली सही करायची. आमच्याकडं पद्धत अशी, की सह्या आधी व्हायच्या आणि लिहिणं नंतर. पोलिसांनी म्हणायचं, कर रे सही, की माणूस करणार. वर काय लिहिलंय, काही लिहिलंय की नाही, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. विचारलं तर साहेबावर अविश्वास दाखवला असं होतं ना! जमादारांनी हे मोडायचं मनावर घेतलं. गुरुजींच्या मागं लागून लागून त्यांनी शनिवारचा शेवटचा तास मागून घेतला.

पहिल्या शनिवारी ते वर्गात आले आणि मागच्या बाकावरच्या तिघांनी खिडकीतून उड्या टाकल्या. जमादार शांतपणे खिडकीशी गेले, बाहेर वाकून म्हणाले, "आरं पळू नगा. खिडकीला गज न्हाईत, पोरं तीन गेली, याचाच पंचनामा करू या. या आत." तिघंही आले. मग त्यांनी खिशातून कागद काढला. शाळेच्या घंटेचा पंचनामा त्यांनी आदल्या दिवशी स्वतः लिहून आणला होता. अगदी कोर्टातल्यासारखा, "आम्ही खाली सह्या करणार पंच" वगैरे. वाचताना दर ठिपक्याला, म्हणजे पूर्णविरामाला, थांबायचे. घाई नाही, की आवाज वर-खाली नाही. घंटा पश्चिमेकडच्या लिंबाला टांगलेली, असं त्यात होतं. लिंब पूर्वेला होता. एकजण ओरडला, "खोटं! खोटं!"

"वरडायचं न्हाई," जमादार म्हणाले. "खोटं घावलं की निस्ता हात वर करायचा, आन् वरच ठेवायचा. वरडलं की भांडान हुतं. आन् भांडनात पोलिसाचाच आवाज मोठा."

हा नियम. वर्षभर दर शनिवारी हेच. कधी विहिरीचा पंचनामा, कधी गुरुजींच्या सायकलचा. एक खोटं. हुडका.

आमचे दादा ह्या सगळ्यावर हसायचे. कारण गावातला ठरलेला पंच म्हणजे तेच! चौकीच्या समोर दुकान, सही येते, माणूस कायम जागेवर. जमादारांच्या आधीच्या काळात पोलीस दारातून नुसती हाक मारायचे आणि दादा गळ्यातली टेप न काढता, एका हातात खडू तसाच धरून रस्ता ओलांडायचे, सही करायचे, परत येऊन शिवायला बसायचे. एकदा जमादारांनी त्यांना विचारलं, "टेलर, माप न घेता कापड कापता का कधी?" दादा म्हणाले, "छ्या! कसं कापीन?" जमादार म्हणाले, "मंग?" आणि निघून गेले. दादा दिवसभर चिडलेले. "मला शिकवतो व्हय ह्यो!"

मोठ्या माणसांसाठी ते बाजारच्या दिवशी चिंचेखाली बसायचे. तिथली येसूबाई विसरता येणार नाही. सत्तरीची बाई, जिभेला हाड नाही. अंगठा देण्याआधी कागद वाचून घ्या, असं जमादार सांगत होते तर ही मधेच म्हणाली, "जमादार, आंगठा माझा हाय खरा, पर तो दाबून धरतं कोन? तुमीच की!"

सगळे हसले. जमादार हसले नाहीत. कारण खरंच होतं ते. पोलिसांनी माणसाचा अंगठा आपल्या चिमटीत धरायचा, शाईत घासायचा, कागदावर दाबायचा, अशीच रीत. त्या दिवसापासून जमादारांनी कुणाचा अंगठा धरला नाही. शाईचा पॅड पुढं सरकवायचे आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहायचे, कवायतीत विश्रामला राहतात तसे. ठसा बिघडला तर बिघडला. पुन्हा घ्या. हात पाठीमागंच.

तिचं बोलणं त्यांना एवढं का लागलं, ते एकदा मला कळलं. आमच्या पायरीवर बसून ते दादांशी बोलत होते, मी आत काजं करत होते. म्हणाले, "नोकरीत नवा हुतो, शेवगावकडं. साहेब म्हनले त्या म्हाताऱ्याचा आंगठा घे. कागद कोरा. मी घेतला. त्येचं बोट असं धरलं हुतं मी, वाळल्या शेंगेवानी. वर काय लिवलं ते त्याला कोर्टात कळलं, आन् मलाबी कोर्टातच कळलं."

दादांनी विचारलं, "मंग?"

"मंग काय. तो गेला आत. मी पगार घेतला." पुढं म्हणाले, "आता पेन्शनला सात म्हैने राह्यले, टेलर. तेवढे नीट जाऊ देत."

दादा मशीन चालवायला लागले.

तेच ते बहात्तरचं दुष्काळाचं साल. निम्मं गाव ऊसतोडीला गेलं, उरलेलं खडी सेंटरवर, म्हणजे सरकारी दुष्काळी कामावर. डोंगराच्या पायथ्याला दगड फोडायचे, आठवड्याला मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी मिळायची, दुपारी सुकडी, म्हणजे गोड पौष्टिक पीठ. सुकडीची पोती शाळेच्या एका खोलीत ठेवलेली, किल्ली मुकादमाकडं. एका सकाळी सहा पोती कमी भरली. कुलूप जसंच्या तसं.

मुकादमानं किसनचं नाव घेतलं. किसन परगावचा. बायको पारू आणि तान्हं पोर घेऊन कामासाठी आलेला, शाळेमागं दगडावर दगड रचून वर पाचट टाकून राहायचा. गावात ना भाऊ, ना भावकी. नाव घ्यायला सोपा माणूस.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून फौजदारसाहेब जीपनं आले. जमादारांना त्यांनी सेंटरवर गर्दी आवरायला पाठवलं आणि स्वतः किसनच्या खोपटाकडं मुकादमाला घेऊन गेले. आले ते एक रिकामं सुकडीचं पोतं आणि किसनला घेऊनच. दोरीनं हात बांधलेले. त्याला पाथर्डीला नेलं. जमादारांना कुणी काही विचारलं नाही. ते संध्याकाळपर्यंत चिंचेखाली उभेच. पारू त्यांच्यासमोर येऊन नुसती बसली. पोर रडून रडून झोपलं.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जमादार दुकानात आले. "टेलर, चष्म्याला दोरा बांधा. पक्का. आज पडून चालायचं न्हाई."

एवढंच. पण दादांना कळलं, आज सहीला हाक येणार. आईलाही कळलं. ती आतून येऊन हळू आवाजात म्हणाली, "हे बघा, गप सही करून या. दुकान चौकीसमोर हाय आपलं. पोलिसांचे कपडे शिवतो आपन. किसन आज हाय उद्या न्हाई, आपल्याला हितंच राहायचंय." दादांनी मान हलवली. मी दादांकडं बघत होते आणि दादा माझ्याकडं बघत नव्हते.

दहाच्या सुमाराला जीप आली. किसन मागं बसलेला, ओठ सुजलेला. खडी सेंटरवरची माणसं हातोडे टाकून आली, बाया आल्या, शाळा सुटल्यासारखी पोरं आली. गुरुजींनी अडवलंच नाही. चौकीपुढं टेबल मांडलं. टेबलापुढं मातीत ते पोतं. फौजदारसाहेबांनी पिशवीतून कागद काढला. लिहून तयार, खाली सह्यांपुरती जागा. साहेब काही राक्षस नव्हते हं, डोळे लाल, दाढी वाढलेली, दुष्काळात रोज वरून फोन, सापडला का, सापडला का. त्यांना एक माणूस हवा होता आणि तो मिळाला होता.

"आजच कोर्टात हजर करायचाय. पंच कोण? चला, आटपा."

मुकादमाचा माणूस पुढं झाला, खर्रकन सही करून बाजूला झाला.

"टेलर!"

दादा गेले. गळ्यात टेप तशीच. पेन घेतलं, वाकले. चिंचेवरची खार ऐकू येत होती. जमादार टेबलाच्या बाजूला उभे, दोन्ही हात पाठीमागं. ते दादांकडं बघतसुद्धा नव्हते. समोर, लांब, डोंगराकडं बघत होते. आत्ता वाटतं, त्यांना दादांवर जोर येऊ द्यायचा नव्हता. त्या वेळी मला वाटलं, ह्यांनीही सोडलं.

दादांचं पेन कागदाला टेकलं. आणि तसंच राहिलं. दादा मान खाली घालूनच म्हणाले, "साहेब... जरा वाचून दाखवता का?"

"काय?"

"वाचून. काय लिवलंय ते."

"इतकी वर्षं सह्या करतोस, आजच तुला अक्षरं दिसायला लागली?" साहेबांचा आवाज चढला. "घाई आहे मला!"

दादांनी कागदावरून पेन उचललं.  

साहेबांनी कागद हिसकून जमादारांपुढं धरला. "वाचून दाखवा याला. लवकर."

जमादारांनी हात पाठीमागून काढले. कागद घेतला. चष्मा नाकावर ठेवला आणि वाचायला लागले. तोच आवाज! शनिवारचा!  दर ठिपक्याला थांबणं, घाई नाही, आवाज वर-खाली नाही.

"आम्ही खाली सह्या करणार पंच, पोलिसांनी बोलावल्यावरून हजर राहून पंचनामा लिहून देतो की. संशयित किसन याचे राहते घरी गेलो. घराचे दार आतून बंद होते. दाराची कडी काढावयास लावून आत प्रवेश केला. दारामागे सुकडीचे एक रिकामे पोते लपवून ठेवलेले मिळून आले."

ते थांबले. ठिपका होता म्हणून थांबले.

चिमाचा हात वर गेला. चिमा म्हणजे येसूबाईची नात, माझ्याच वर्गातली, शाळा सुटली की खडी फोडायला जाणारी. धुळीनं पांढरा झालेला हात, सरळ वर. मग खिडकीतून उड्या टाकणाऱ्या तिघांतला एक. मग दुसरा. मग मी. माझा हात कधी वर गेला मला कळलंच नाही. ओरडलं कुणीच नाही. बारा-तेरा हात, वर. शेवटी येसूबाईचाही गेला, तिला शाळा माहीत नाही, पण नात काय करते ते बघून.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले. "हात कशाला वर?"

"शाळेची सवय हाय पोरांची, साहेब," जमादार म्हणाले.

"खाली घ्या हात!"

कुणी घेतला नाही. माझा खांदा दुखायला लागला होता, आई दुकानाच्या दारातून मला खुणा करत होती, खाली घे, खाली घे. आणि तेवढ्यात दादांनी वर बघितलं. आधी हातांकडं, मग मातीतल्या पोत्याकडं.

"साहेब," दादा म्हणाले, "किसनच्या खोपटाला दारच न्हाई. हे पोतंच त्याचं दार हाय. लपवलेलं न्हाई, दोन म्हैने टांगलेलं हुतं."

"रिकामी पोती तर मुकादमच वाटतो की सगळ्यांस्नी!" येसूबाई हात वर ठेवूनच म्हणाली. "माझ्या घरात दोन हायत. धरा मला!"

पारू उठली. पोर कडेवर घेऊन टेबलापाशी आली. "तुमी दार उचलून आनलं, साहेब," ती म्हणाली. "काल रातभर कुत्री आत येत हुती."

साहेब जमादारांकडं वळले. "हे तुमचं काम?"

"न्हाई साहेब. मी निस्तं वाचलं."

साहेब उठले आणि तरातरा शाळेमागं चालायला लागले. अख्खं गाव मागं. खोपटाच्या तोंडाशी दोन दगड आणि मधे मोकळी जागा, वरच्या बांबूला सुतळीचे दोन तुकडे लोंबत होते. साहेबांनी ती सुतळी हातात धरली. बराच वेळ धरली. मग कागदाची घडी करून खिशात घातली.

"जबाब लिहून घ्या आणि सोडा ह्याला," ते जमादारांना म्हणाले. जीपमध्ये बसताना हळूच म्हणाले, पण मी जवळच होते, "फार वाचता तुम्ही, जमादार. सातच महिने राहिलेत ना?"

त्या दिवशी दादांना संध्याकाळपर्यंत सुईत दोरा घालता आला नाही. मी घालून दिला. किसननं पोतं परत टांगलं.

पोती कुठं गेली ते सांगूनच टाकते, नाहीतर विचाराल. पुढं मुकादमाच्या मेव्हण्याच्या अंगणात, जमिनीखालच्या रिकाम्या धान्याच्या पेवात सापडली. शोधली ह्याच फौजदारसाहेबांनी. पंचनामा तिथंच बसून लिहिला आणि दादांना दोनदा वाचून दाखवला. पण तोवर जमादार आमच्याकडं राहिले नव्हते.

आठ दिवसांत त्यांच्या बदलीचा हुकूम आला होता. भंडारदऱ्याकडं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांनी चेष्टा केली, "प्यायला पानी न्हवतं तर सरकारनं एकदम धरनावरच पाठवलं!" बायको आजारी, घर पाथर्डीला, पेन्शनला सात महिने. हसलं कुणीच नाही.

जायच्या दिवशी एस्टीच्या थांब्यावर लोखंडी ट्रंक, वळकटी आणि जमादार. आम्ही पोरं सगळी. दादांनी त्यांना चष्म्यासाठी दोऱ्याचं अख्खं रीळ दिलं. चिमानं धीर करून विचारलं, "जमादार, तुमीच मागितली का बदली? गावात समदे तसंच म्हनत्यात."

जमादारांनी खिशातून हुकूम काढला आणि तिच्या हातात दिला. "वाच."

चिमा वाचायला लागली. त्यांच्यासारखीच, दर ठिपक्याला थांबत. "सदर जमादार यांची, त्यांचे स्वतःचे विनंतीवरून, बदली करण्यात येत आहे."

ती थांबली. आम्ही सगळी त्यांच्या तोंडाकडं बघायला लागलो. तेवढ्यात एस्टी आली, धुरळा उडाला, कंडक्टर ओरडायला लागला, "ओ जमादार, ट्रंक टाका वर, लवकर!" त्यांनी चिमाच्या हातातून कागद घेतला, नीट घडी घातली, ट्रंक चढवली आणि चढले. 

गाडी हलली. आम्ही हात हलवत होतो. मागच्या खिडकीतून त्यांचाही हात बाहेर आला. पण तो हलत नव्हता. कोपर सरळ, बोटं सरळ, पत्र्याच्या वर. एक एक करून आमचे हात हलायचे थांबले. तेही तसेच वर राहिले. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो खाकी बाहीतला हात खाली आला नाही.